ज्यांचं ठरलेलं नाही त्यांच्यासाठी

डोंगर खचणार की नाही, हे भूवैज्ञानिक डॉ. हेमांगी सप्रेला सांगता आलं असतं. पण तिचं गणित रांगेत होतं, एका साबणाच्या मागे.

महासंगणकावर वेळ कुणाला द्यायचा, हे आता माणसं ठरवत नसत. वशिले फार झाले, म्हणून हे काम 'तराजू' नावाच्या प्रणालीकडे गेलं होतं. तराजू प्रत्येक गणिताचा 'उपयोगांक' काढी: उत्तर मिळाल्यावर कुणाचा निर्णय बदलण्याची शक्यता किती? त्यासाठी तो लोकांची जुनी वागणूक, फोनवरची बोलणी, रस्त्यावरची हालचाल, सगळं बघे. निर्णय बदलणारच नसेल, तर उत्तराला काय चाटायचंय? त्याचा उपयोगांक शून्य.

त्या डोंगराच्या उतारावरच्या कुडपेवाडीचा उपयोगांक शून्य होता.

"अहो, गणपती बसलेत घराघरांत," सरपंच वासंती गुरव फोनवर म्हणाल्या. "घराला कुलूप लावून जायचं? कोण जाणार नाही."

"अगदी हेच ओळखलंय त्या मेल्या यंत्रानं!" हेमांगी चिडून म्हणाली. "तुम्ही हलणार नाही, म्हणून ते डोंगराचं गणितच करत नाही."

"मग तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर करा की."

"वासंतीताई, अख्ख्या डोंगराची माती, तिच्यात मुरलेलं पाणी, झाडांची मुळं, सगळं एकदम मांडावं लागतं. माझ्या कॉम्प्युटरला वर्षं लागतील. डोंगर थांबेल का तोवर?"

वाडीच्या वरच्या अंगाला भेग पडली होती, ती वासंतीताईंनी स्वतः पाहिली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाडीला हातापाया पडून राजी केलं. पाच दिवसांचे गणपती दीड दिवसातच पाण्यात गेले. म्हाताऱ्या रडल्या, पण सगळी वाडी खालच्या शाळेत आली.

हेमांगीनं मोठ्या आशेनं संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. उपयोगांक शून्य.

"आता काय झालं?" वासंतीताईंनी विचारलं.

"तुम्ही निघालात ना! तुमचं ठरलं. आता उत्तर काहीही आलं तरी तुम्ही सुरक्षितच, असं त्याचं म्हणणं."

"म्हणजे बसलो तरी शून्य आणि उठलो तरी शून्य? आता बोला! आणि इथं किती दिवस राहायचं, ते कोण सांगणार?"

हेमांगीनं वरिष्ठांना फोन केले. तराजूत हात घालता येत नाही, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. तिला इतका संताप आला की तिनं चहाचा कप आपटून फोडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेत कुरबुर सुरू झाली. डोंगर तर जागच्या जागी उभा होता. उद्या गौरी यायच्या होत्या. निम्मे म्हणाले परतूया, निम्मे म्हणाले नको. आणि पडद्यावरचा आकडा सरसर वर चढला. साबण मागे पडला, कुडपेवाडी पहिली आली. गणित सुरू झालं!

हेमांगीनं घाईघाईनं फोन लावला. "ताई, उद्या सकाळपर्यंत उत्तर देते. तोवर काही ठरवू नका. भांडत राहा!"

"ठरवू नका?" वासंतीताईंचा आवाज थकलेला होता. "पाच वर्षं तुम्हीच कानीकपाळी ओरडताय, वेळेवर निर्णय घ्या म्हणून. घेतला आम्ही. उद्या माहेरवाशीण दारात येणार आणि घराला कुलूप? बायका पुढे गेल्यासुद्धा. मी शेवटची निघालेय."

"ताई, तुम्ही तरी थांबा! अहो, एक रात्र फक्त..."

"वाडी वर आणि सरपंच खाली, असं कसं चालेल?" फोन बंद झाला.

पडद्यावर डोंगराचा एक कोपराच रंगला होता. भेगेखालची माती लाल होऊ लागली होती. पण पुढे काय, ते दिसायच्या आतच चित्र थिजलं. उपयोगांक शून्य. हेमांगी पुन्हा पुन्हा वासंतीताईंचा नंबर फिरवत राहिली. घाटात रेंज नव्हती.

महासंगणकानं पुढचं काम घेतलं. साबणाचं वेष्टन हिरवं असावं की निळं, हे त्या कंपनीचं अजून ठरत नव्हतं.