हॉलमधून सुटलेली बस

भोंग्याचं वजन चोवीस किलो. बॅगेचं वजन सात किलो, त्यावर एक मोजासुद्धा चालणार नाही.

स्वयंपाकघर म्हणजे प्राग. आतली खोली म्हणजे व्हिएन्ना. गॅलरी म्हणजे व्हेनिस, कारण तिथे नेहमी पाणी साचलेलं असतं.

चीजचा तुकडा उन्हात किती तास टिकतो? प्रयोग सुरू आहे. वास सुटला आहे.

“ज्याला स्वतःची नोकरी टिकवता आली नाही, त्याच्या हातात सहा माणसांचा प्रवास द्यायचा?” बंद दाराआडून आलेलं वाक्य. बोलणारे बाबा.

बस. १२ जून. ००:३०. जागा सहा, त्यातल्या खिडकीच्या दोन.

हे सगळं एकाच घरातलं. तिसरा मजला, मे महिन्याची सुट्टी. दाराआडचं वाक्य ज्या मुलीच्या कानावर पडलं, तिला सगळे शंकाबाई म्हणत. वय बारा. ‘का’ आणि ‘कशावरून’ या दोन प्रश्नांशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही, असं आई म्हणायची. भोंगा तिचा धाकटा भाऊ, आठ वर्षांचा. कानात सांगायची गोष्टही तो चार घरांना ऐकू जाईल अशी सांगायचा. आणि लंबू तिचा मामेभाऊ. तेरा वर्षांचा, बांबूसारखा सरळ, बोलायला कंजूष. मामी गेल्यापासून लंबू आणि मामा खालच्याच मजल्यावर राहायला आले होते.

आई वाचनालयात काम करायची. दुसऱ्यांनी परत आणलेली प्रवासाची पुस्तकं कपाटात लावता लावता तिच्या मनात कधीचं होतं, की एकदा पोरांना घेऊन युरोपातली दोन-तीन शहरं बघायची, पण खिसा न फाडता. तिने सगळी आखणी मामावर सोपवली. मामा बावीस वर्षं पावाच्या कारखान्यात रात्रपाळीचा मुकादम होता. सहा महिन्यांपूर्वी कारखाना बंद पडला, तेव्हापासून त्याच्याकडे वेळच वेळ होता.

मामाने कामाला हात घातला तो पावाच्या पिठाला घालावा तसा. सहा जणांना एकच खोली, पण चूल असलेली. संग्रहालयं मुलांना कुठल्या वारी फुकट, त्याची वही. पाण्याच्या बाटल्या भरायच्या नळांचे नकाशे. व्हिएन्नाहून व्हेनिसला रात्रीची बस, म्हणजे एका रात्रीचं भाडं वाचलं आणि झोपेत प्रवासही झाला. आखणी हातात आल्यापासून तो पुन्हा रोज दाढी करायला लागला होता. हे लंबूने शंकाबाईला एकदाच सांगितलं होतं, दुसरीकडे बघत.

तालमीची कल्पना भोंग्याची. नाटकाची असते तर प्रवासाची का नको? प्रवासाचा एक तास म्हणजे घरातलं एक मिनिट, असं ठरलं. आई-बाबा कामावर होते. मामा म्हणाला, मी वाटाड्या. हॉलमध्ये सहा खुर्च्या मांडून बस तयार झाली आणि ड्रायव्हरकी भोंग्याला मिळाली. त्याला दोनच कामं दिली होती. मध्यरात्र झाली की भिंतीवर तारखा लिहून लावलेलं एकेक पान फाडायचं, आणि तिकिटावरची तारीख-वेळ आली की बस सोडायची.

प्राग झकास पार पडलं. व्हिएन्नात मामाने मुलांना कपाटासमोर उभं करून जुन्या चित्रांची अशी माहिती दिली, की लंबूसुद्धा हसला. अकरा तारखेची रात्र झाली. सगळे चटईवर आडवे. भोंग्याने अकराचं पान टर्रकन फाडलं, अर्धं मिनिट घड्याळाकडे टक लावून बघितलं आणि भोंपू वाजवून रिकामी बस सोडली.

मामा चटईवर लोळून लोळून हसला. “अरे ड्रायव्हर, पॅसेंजर घोरताहेत इथे. एक दिवस आधीच पळालास!”

“पान बाराचं आहे. तिकीट बाराचं आहे. साडेबारा वाजलेत.” भोंग्याचा आवाज चिरकला. “मग मी काय करू?”

लंबूने त्याला म्हशीच्या अकलेचा म्हटलं. भोंगा रुसून प्रागमध्ये जाऊन बसला आणि तिथला गूळ खायला लागला. शंकाबाई मात्र चटईवरून उठली नाही. तिचे डोळे छताला लागले होते. भोंगा चुकला नव्हता.

बारा तारीख मध्यरात्री सुरू होते. साडेबाराला ती जेमतेम अर्ध्या तासाची असते. त्यांनी बारा तारखेचा सगळा दिवस व्हिएन्नात हिंडून रात्री बसचा थांबा गाठला, तर बस चोवीस तासांपूर्वीच गेलेली असणार. खोली सोडलेली. परक्या शहरातला बसथांबा, मध्यरात्र, सहा माणसं, सहा बॅगा. आणि चौदाला सकाळी व्हेनिसहून घरचं विमान.

तिने मामाला सांगून पाहिलं. मामाने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि तिकिटाकडे न बघताच म्हणाला, बावीस वर्षं रात्री जागून काढल्या, मला रात्र शिकवतेस होय गं? मग तो बॅगांना तराजू आणायला बाजारात गेला. शीळ घालत गेला, हे सगळ्यात वाईट.

जिन्यात लंबूने तिचा दंड धरला. “हे कुणाला बोलायचं नाही.”

“अरे, पण बस चुकेल.”

“काकांना कळलं तर पप्पा संपले. तुला माहीत नाही काका काय म्हणतात ते.”

शंकाबाईला माहीत होतं; काका म्हणजे तिचेच बाबा. लंबूलाही माहीत आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. दोघंही जिन्याचा कठडा बघत उभे राहिले. बाबा वाईट नव्हते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि त्यांच्या कामात एक चूक म्हणजे खाली कोसळलेली माणसं. पण घरी आल्यावरही ते सगळ्यांकडे लिफ्टच्या दोराकडे बघावं तसं बघायचे.

तिघं तिकिटाची छायाप्रत घेऊन कोपऱ्यावरच्या बुकिंग ऑफिसात गेले. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला छत्र्यांचं दुकान, मध्ये अंगठ्याएवढं ऑफिस. काउंटरवरच्या बाईंनी अंबाड्यात पेन्सिल खोचली होती. त्यांनी तिकीट बघितलं आणि शांतपणे सांगितलं, की ही बस अकराचा दिवस संपल्यावर सुटते. स्वस्तातलं तिकीट आहे, बदलायची मुदत आज सहापर्यंत. तेराच्या बसमध्ये सात जागा उरल्यात. आणि बदल फक्त ज्यांनी तिकीट काढलं त्यांनीच समोर येऊन करायचा.

“मी त्यांचाच मुलगा आहे,” लंबू म्हणाला.

“मग त्यांना घेऊन ये बाळा.”

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेपाचला बाबा घरी येत.

लाँड्रीच्या पायरीवर बसून भोंग्याने ठणकावलं, की मामाला गाढव म्हणून सांगूया. लंबूने त्याच्याकडे नुसतं बघितलं. शंकाबाईला वेगळाच प्रश्न पडला होता. मामा बावळट नाही. दहा वह्या भरल्या, एकही वार चुकला नाही. मग हीच एक गोष्ट त्याला का दिसत नाही?

“कारखान्यात रात्रपाळी कुठल्या तारखेला मांडायचे?” तिने विचारलं.

लंबूने जरा विचार केला. संध्याकाळच्या, तो म्हणाला. बाराला संध्याकाळी गेले, की सकाळी सुटेपर्यंत हजेरी बाराचीच. पप्पांची तारीख घरी येऊन चहा प्यायल्यावर बदलते.

“आणि पावाची?”

लंबू ताडकन उठला.

घरी मामा नव्या तराजूला बॅग लटकवत होता. या वेळी शंकाबाईने तिकिटाचं नावही काढलं नाही. तिने विचारलं, कारखान्यात एवढे पाव एकाच वेळी कसे भाजले जायचे? मामाचा हात थांबला. सहा महिन्यांत त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं. लोक फक्त पुढे काय, एवढंच विचारत. तो सांगायला लागला. भट्टीची दारं, पिठाच्या मोठ्या पराती, पहिल्या घाण्याचा वास, मालाच्या गाड्या फाटकाशी लागायच्या ती वेळ. सांगता सांगता तो उभा राहिला, हातांनी साचे उचलायला लागला. लंबू खाली मान घालून ऐकत होता. पाच वाजून गेले.

“आणि पुडक्यावर तारखेचा शिक्का?” शंकाबाईने विचारलं.

“ते माझंच काम. चाकाचा शिक्का असतो. बाराच्या ठोक्याला चाक एक घर पुढे. एक मिनिट इकडेतिकडे नाही.”

“म्हणजे बारा तारखेच्या रात्रपाळीत, साडेबाराला पाव बाहेर पडला, तर त्याच्यावर—”

“तेरा,” मामा म्हणाला.

तराजूला लटकलेली बॅग हळूहळू गोल फिरत होती. त्याने खिशातून तिकीट काढलं, चष्मा लावला, वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग तो खुर्चीत बसला; भोंग्याच्या बसमधल्या पुढच्या खुर्चीत. शंकाबाईला वाटलं होतं की आपल्याला हुश्श वाटेल. तसं काही वाटलं नाही. आपण कुणाचं तरी काहीतरी फोडलं, असंच वाटत होतं.

“तुम्हाला कधी कळलं?” त्याने विचारलं.

“भोंग्याला कळलं. दुपारीच,” ती म्हणाली. “तू हसलास तेव्हा.”

लंबूकडे बेत तयार होता. ऑफिस सहाला बंद होतं, तोवर पटकन जाऊन यायचं, काकांना सांगायचं तराजू बदलायला गेलो होतो. तो हे घाईघाईने सांगत असतानाच दारात किल्ली फिरली. पावणेसहा झाले होते, बाबा आले होते. हातांना ग्रीस, पायांत बूट तसेच.

मामा उठला. लंबूने त्याच्या सदऱ्याची बाही ओढली. मामाने ती हळूच सोडवून घेतली.

“माझ्या हातून चूक झाली आहे,” तो बाबांना म्हणाला. “बस एक दिवस आधीची काढलीय. पोरांनी पकडलं. सहापर्यंत बदलता येते.”

बाबांनी तिकीट घेतलं. खिडकीशी नेऊन तारखेवर बोट ठेवलं. शंकाबाईने मनातल्या मनात ते दाराआडचं वाक्य ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

“दादा, हे तिकीट तुम्ही मला दोनदा दाखवलं होतं,” बाबा म्हणाले. “मी दोनदा तपासलं. ठीक आहे म्हणालो.” त्यांनी कपाळ पुसलं, कपाळालाही ग्रीस लागलं. “चला. लिफ्टची वाट बघू नका, जिन्याने जाऊ.”

जिन्यातून पाच जण उतरले ते दगड गडगडत यावेत तसे. ऑफिसात पोचले तेव्हा सहाला आठ मिनिटं कमी होती आणि त्या बाई कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. तेराच्या बसमध्ये सहा जागा उरल्या होत्या. सातवी कुणीतरी मधल्या वेळात घेतली होती. खिडकीची एकही मिळाली नाही. मामाने सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

कुणी पकडलं हे, म्हणून बाईंनी विचारलं. बाबांनी भोंग्याला उचलून काउंटरवर बसवलं. आमच्या ड्रायव्हरने, ते म्हणाले, आणि या दोघांनी. मग शंकाबाईकडे वळून त्यांनी सांगितलं, की यापुढे जेवतानाही शंका काढलीस तरी चालेल. ते कधी कुणाची तारीफ करत नसत, त्यामुळे ती कशी घ्यायची हे तिला कळेना. ती नुसतीच “बरं” म्हणाली.

घरी आल्यावर आईला सगळं कळलं. तिने मामाच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं. जेवण झाल्यावर बाबा आत गेले आणि कपाटातले सहा पासपोर्ट घेऊन आले. रबर लावलेला तो गठ्ठा त्यांनी मामासमोर ठेवला. तोवर त्याला त्यांनी कुणालाही हात लावू दिला नव्हता.

“हे तुमच्याकडे राहू द्या,” ते म्हणाले.

मामाने गठ्ठा उचलला, पण खिशात घातला नाही. मांडीवर ठेवून दोन्ही हात त्यावर ठेवले. लंबू उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ परत आला नाही. थोड्या वेळाने शंकाबाई त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. तिने काही विचारलं नाही.

सहा महिन्यांपूर्वी मामाची शेवटची रात्रपाळी एका मंगळवारी झाली होती, आणि त्या रात्री कारखान्यात एकही पाव भाजला गेला नव्हता; त्यानंतर बाबांनी पहिल्यांदाच त्याच्यावर काही सोपवलं ते आज.