बांगडीवरचे पांढरे डाग

चमचा बशीवर किणकिणला. चार दिवस मुक्या पडलेल्या स्वयंपाकघरात तेवढाच आवाज. तिच्या सासऱ्यांचा हात थरथरत होता. दातांच्या दवाखान्यात तीस वर्षं मदतनीस होते, तेव्हापासूनचा कंप.

पाठोपाठ तिला इस्पितळातून डॉक्टरांचा फोन. "दोघींना एकाच दिवशी खोकला सुरू झाला. तुमच्या सासूबाई गेल्या, आता तुमच्या मुलीचा, चिमीचा दम वाढतोय. घरातच काहीतरी आहे. ते कळल्याशिवाय नेमकं औषध कसं देऊ? शोधा, बाई. लवकर."

ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. शेगडी, फवारे, रंगाचे डबे, सगळं पालथं घातलं. काही नाही; फक्त लोखंडी पळी जागेवर नव्हती. सासूबाईंच्या उशीवर मात्र अजून खळगा होता. तिनं त्याला हात लावला नाही.

इस्पितळानं दिलेलं पाकीट तिनं उघडलं. सासूबाईंची सोन्याची बांगडी. तिच्यावर पांढरे डाग.

"सोनारानं फसवलं," सासरे म्हणाले.

"चाळीस वर्षांनी कळलं होय?"

त्यांनी चहा ढवळायला घेतला.

"बाबा, त्या दिवशी इथे काय तापवलं?"

"चहा. दुसरं काय?"

"मग लोखंडी पळी कुठे गेली?"

त्यांनी बशी खाली ठेवली.

"अंगणात पुरली," ते म्हणाले. "चिमीसाठी चांदीचा चमचा करायचा होता गं. दातांतून काढलेली जुनी फिलिंगं मी बाटलीत साठवली होती. चांदी असते त्यात, म्हणून ती पळीत वितळवायला ठेवली."

"आणि जवळजवळ अर्धा पारा."

"लोक तीच तोंडात घेऊन जन्मभर जेवतात की!"

"तोंडात तो अगदी कणाकणानं सुटतो. आचेवर सगळा एकदम वाफ होऊन उडतो. सोन्याला तोच चिकटलाय, म्हणून हे डाग. पळीपाशी कोण बसलं होतं?"

"मी बाहेर चमच्याचा साचा घासत होतो. तुझ्या सासूला म्हटलं, जरा लक्ष ठेव. ती बसली... चिमीला मांडीवर घेऊन."

"आणि पळी पुरलीत. म्हणजे कळलं होतं तुम्हाला."

"मनात पाल चुकचुकली होती. बोललो असतो तर तिला मीच मारलं असं झालं असतं. जीभच रेटेना."

"चिमी श्वासासाठी तडफडत होती, बाबा!"

तिनं फोन उचलला. "डॉक्टर, पारा. वाफ छातीत गेलीय."

तिसऱ्या दिवशी चिमीचा श्वास मोकळा झाला. तिनं लेकीला जवळ घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. चमचा, पळी, आजी, आजोबांचं गप्प राहणं.

चिमीनं सगळं ऐकून घेतलं.

"आई, मग मी आता आजोबांवर रागवायचं का?"