दिपेशच्या स्पीकरमधला आवाज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सुरू केलं की मध्ये कोणी बोललेलं मला चालणार नाही. रूपेश, तो मोबाइल ठेव बाजूला.

ही आपल्या बोनकोड्यातलीच गोष्ट. आमच्या समोर राहतो तो दिपेश, हळदीची गाणी मिक्स करून डीजेवाल्यांना देतो. गेल्या वर्षीचा मे महिना, पंधरा तारीख, गुरुवार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती. लाइटही होती.

त्या दुपारी दिपेश पार्थच्या काँप्युटरच्या दुकानात रॅम आणायला गेला. काँप्युटर सारखा अडकत होता आणि खारघरच्या एका हळदीची गाणी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. घरी येऊन त्याने कॅबिनेट उघडलं, रॅम स्वतःच बसवली. काँप्युटर झटकन सुरू झाला. गाणं लावलं, तर आवाजच नाही.

आता त्या घराचं सांगतो. दिपेशचा बाप शिवा, माझा लहानपणापासूनचा दोस्त. शेवटचं वर्ष अंथरुणावर गेलं त्याचं, अर्धं अंग लुळं. हाक लांब जायची नाही, म्हणून काही हवं असलं की भिंतीवर स्टीलचा पेला आपटायचा. भिंतीपलीकडे दिपेशचे स्पीकर. रोजचं भांडण. दिपेश खोलीत आला की शिवा सुरू व्हायचा.

"आवाज कमी कर. तुला आयकाला येत नाय काय?"

की हा मुद्दाम वाढवायचा.

फेब्रुवारीत सरस्वतीवहिनी, शिवाची बायको, एका रात्रीसाठी जुईनगरला बहिणीकडे गेल्या. सकाळी परत येतात तर शिवा गेलेला. भिंतीचा पोपडा निघालेला, पेला चेपलेला. दिपेश पलीकडे रात्रभर काम करत बसला होता.

"बाप भिंत फोडत व्हता," वहिनी आम्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आनि तू गानी वाजवत व्हतास."

त्यानंतर मुलाशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताट समोर ठेवायचं आणि निघून जायचं. तोही धुमसत होता. मला म्हणाला, "काका, मला ऐकू आलं असतं तर मी गेलो नसतो का? बापाला मारलं मी?"

तर त्या गुरुवारी पार्थ फोनवरून एकेक सुचवत होता. वायर बघ. साउंडचा ड्रायव्हर काढून परत टाक. नवीन रॅम काढून जुनी लाव. जुनी लावली की गाणं वाजायचं. नवीन लावली की मुकं. जागा बदलली, तरी तेच.

"रॅम बदलून आवाज जात नाही रे," पार्थ म्हणाला. "उद्या घेऊन ये."

"उद्या गाणी द्यायचीत मला," असं ओरडून याने फोन ठेवला. माझ्या घरात ऐकू आलं ते.

बारा वाजून गेले. दिपेशने पुन्हा नवीन रॅम बसवली. रागारागात आवाज शेवटपर्यंत वाढवला, टेबलावर मूठ आपटली.

आणि स्पीकर लागला.

गाणं नव्हतं. नुसती घरघर. वायर सैल असेल म्हणून त्याने हलवली. घरघर थांबली, परत आली. कोणीतरी दम घ्यावा तशी.

मग... ठक.

भिंतीकडच्या स्पीकरमधून.

ठक. ठक.

त्याने आवाज शून्यावर आणला. ठक. काँप्युटर बंद केला. ठक. स्पीकरची पिन काढली, हातात धरली.

"दिपेश..."

मोठ्याने नाही. दम लागलेला माणूस बोलतो तसं.

"दिपेश... कवाचा बोलवतोय..."

हा घाबरला, पण त्याहून जास्त चिडला. तीन महिन्यांचं साचलेलं सगळं वर आलं. "मला ऐकू नाही आलं, बाबा. नाही आलं. काय करू मी आता? मरू?"

नुसती ठकठक. जोरात. अजून जोरात. टेबल हलायला लागलं.

दार ढकलून वहिनी आत आल्या. त्यांनीही ऐकलं होतं. पोराच्या हातात लोंबणारी पिन बघितली. मग स्पीकरसमोर गेल्या. इतका कडक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, आणि मी गल्लीच्या अलीकडे होतो.

"तुमी त्याचं कवा आयकलंत? जलमभर हाक मारली ती शिवी देऊन. त्यानं कान बंद केले, ते तुमच्यामुलं. पोराला सोडा आता. मी पन सोडलं."

ठकठक थांबली.

घरघर राहिली... थोडा वेळ...

मग तीही नाही.

दिपेश खाली बसला. वहिनी त्याच्या बाजूला बसल्या. उजाडल्यावर वहिनी म्हणाल्या, "चा ठेवते."

सकाळी मी गेलो तेव्हा गाणं लागलं होतं. तीच नवीन रॅम, पण आवाज फाटका. पार्थ आला, त्याने भिंतीकडचा स्पीकर खोलला. पुढचं कापड नवंकोरं, कुठे ओरखडा नाही. त्याच्यामागे तो काळा कागदी पडदा असतो ना, तो एका जागी फुगला होता. आतून बाहेर. आत लोहचुंबक बसवलेलं असतं, तिथून बोट जायला जागा नाही.

पार्थने टॉर्च जवळ नेला. मीही वाकून पाहिलं.

फुगवटा अंगठ्याएवढा होता. आणि त्याच्यावर बारीक रेषा होत्या... अंगठ्यावर असतात तशा.