बर्फाच्या कडेची फट

सुट्टी खरं तर मी झोपा काढायला घेतली होती. तोयोसुच्या ऑफिसात महिनाभर राबून डोकं पिकलं होतं. पण माझी बायको, गीता, त्सुकुबाच्या विद्यापीठात हिमनद्यांवर पीएचडी करते, आणि तिच्या मदतनीसाने ऐन वेळी टांग दिली. "शैलू, तू चल ना, नुसतं सामान तर उचलायचंय," ती म्हणाली. तातेयामा पर्वतावरच्या हिमनदीत तिने मापाच्या बारा काठ्या रोवल्या होत्या. बर्फ किती वितळला ते त्यांवरून कळतं. हिवाळ्याआधी आकडे मिळाले नाहीत तर तिचं अख्खं वर्ष पाण्यात जाणार होतं.

तर मी हमाल, आणि वाट दाखवायला तिचे प्राध्यापक, मोरिता-सेन्सेई.

अकरा काठ्या मोजून झाल्या आणि धुकं उतरलं. सेन्सेई म्हणाले, परत फिरू. गीता म्हणाली, एकच राहिलीय. मी म्हणालो, मरू दे ती काठी. झालं, जुंपली आमची. भर बर्फात, मराठीत, आणि सेन्सेई बिचारे बुटांकडे बघत उभे. शेवटी तीही मुकाट्याने सॅक उचलू लागली. सगळ्यात मागे मी चालायचं ठरलं होतं, पण वैतागून मी तिच्या पुढे निघालो. उतार सोपा, म्हणून दोर सेन्सेईंच्या पिशवीतच होता.

त्यांची एक शिस्त होती. धुक्यात दर शंभर पावलांनी आकडे पुकारायचे. ते ‘इची’, म्हणजे जपानीत एक. मी ‘नी’, दोन. गीता ‘सान’, तीन. तीन ऐकू आलं की पुढे चालायचं. भर दुपारी हाताचा पंजा दिसत नव्हता. ओल्या दगडांचा वास, बुटांची करकर, आणि मागून तिचं ते कोरडं ‘सान’. अजून फुगलीय, मी मनात म्हटलं. फुगू दे. मी एकदाही मागे वळलो नाही.

दीड तासाने आमच्या मुक्कामाच्या निवाऱ्याचं दार दिसलं. सेन्सेई ‘इची’ म्हणाले. मी ‘नी’. मागून, अगदी खांद्याजवळून, ‘सान’.

मी वळलो. मागे कोणीच नव्हतं.

सेन्सेईंनीही ते ऐकलं होतं. आम्ही उलटे वर निघालो. सगळी वाट मी स्वतःला शिव्या घालत होतो.

जिथे भांडलो होतो तिथून चार पावलांवर, बर्फ आणि खडक यांच्यामध्ये फट होती. आत टॉर्च मारला. गीता तळाशी बसली होती. पाय मुडपलेला, ओठ निळे, पण जिवंत. दोर टाकून आम्ही तिला वर घेतलं. मी तिला धरून रडलो, माफी मागितली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तू वर कसा आलास?"

"मी आत्ताच येतोय, गीता..."

"काहीतरीच काय. इतका वेळ खाली भांडत होतास माझ्याशी. झोपू दिलं नाहीस..." तिने फटीकडे बोट दाखवलं. "मग... त्याला काढा ना वर. गारठलाय तो."

सेन्सेईंना मराठी येत नाही. त्यांना वाटलं, तिची सॅक खाली राहिलीय. बघू अडकते का, म्हणून त्यांनी दोर पुन्हा सोडला.

दोर थोडा वेळ सैल लोंबत होता. मग ताणला गेला. खालून दोन हिसके बसले, ओढा म्हणून.

सेन्सेईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून सुरी काढून दोर कापला.

आता तिचा पाय बरा आहे. भांडण मात्र साफ बंद झालंय. मी काहीही म्हटलं तरी ‘बरं’ म्हणते. फक्त रोज जेवताना एकदा विचारते, अगदी शांतपणे, "तो मला जागं ठेवत होता, मग दोर का कापलात?"

काय सांगू तिला? दोर कापला तेव्हा खालून ‘शैलू’ अशी हाक आली होती. आवाज गीताचा होता.