तीन पिवळ्या ओळी

चेताविज्ञान प्रयोगशाळेच्या पडद्यावर आकडा चढत होता. बासष्ट टक्के. त्रेसष्ट. समोर खुर्चीत सौमित्र बसला होता. मानेखाली नुसता ओंडका, पण जीभ कातरीसारखी.

"ए उंदरे, पाय चालू करताना उजवा-डावा बघून घे. नाहीतर जन्मभर उलटा चालेन."

"गप रे दादा! चुकून तुझी जीभ बंद पडली ना, तर पेढे वाटीन मी."

अपघातानंतर चार वर्षं त्याला भरवणारी, त्याची कूस बदलणारी ऋजुता आता इथेच प्रणाली-अभियंता होती. सौमित्रच्या मानेत एक चकती बसवली होती. तिच्यात देहप्रणाली भरली, की मेंदूची आज्ञा तुटलेला मणका ओलांडून थेट पायांपर्यंत पोचणार होती.

सत्तर टक्क्यांना पडद्यावर पिवळं काहीतरी लखलखलं आणि गेलं. तीन ओळी होत्या. ऋजुताच्या हाती दोनच शब्द लागले: "जुना चालक".

"मॅडम, इशारा होता!"

"असू दे गं." डॉ. शेवडे चष्मा पुसत होत्या. पडद्यावरचे सगळे संदेश मराठीत हवेत, हा त्यांचाच हट्ट. "चालक म्हणजे अवयव हलवणारा आज्ञासंच. गेल्या महिन्यात बोटांच्या चाचणीसाठी एक टाकला होता ना, तोच असेल. नवा आला की जुना बाजूला होतो."

शंभर टक्के झाले. सौमित्र उभा राहिला. चालला! अगदी खिडकीपर्यंत जाऊन आला! ऋजुता रडत रडत टाळ्या पिटत सुटली.

"बोल ना काहीतरी, दादा!"

"आभारी आहे, ऋजुता," तो म्हणाला.

टाळी हवेतच राहिली.

आठवडाभर तो तसाच. वेळेवर उठायचा, ताट विसळून पालथं घालायचा, सख्ख्या आईला 'आपण' म्हणायचा. चुकूनसुद्धा एक टोमणा नाही. शेवटी ऋजुता शेवडे मॅडमांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"मला त्या तीन ओळी वाचायच्यात."

"नोंदवही उघड की."

"देहप्रणालीची स्थापना संपली की नोंदवही स्वतःलाच पुसते. इशारे फक्त स्थापना चालू असताना दिसतात."

"मग पुन्हा कर स्थापना. समोर शीघ्रछायक लाव. सेकंदाला हजार चित्रं घेतो तो, सुटतील कुठे ओळी?"

संमतीपत्र सौमित्रपुढे ठेवलं. त्याने सुबक सही केली. "माझी काहीच हरकत नाही."

सत्तर टक्के. पिवळी लखलख. शंभर टक्के. ऋजुता धावली आणि एकेक चित्र पुढे सरकवू लागली. ओळी सापडल्या.

"बाजूला ठेवलेला जुना चालक: सौमित्र.
परत हवा असल्यास पुन्हा स्थापना करू नये.
कायमचा पुसायचा का? उत्तरासाठी मुदत: एक तास."

शेवडे मॅडमांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देह हलवतो तो चालक... प्रणालीच्या लेखी तुझा भाऊही एक चालकच. अगं, आपण काय केलं हे!"

"पण एक तास होता ना!" ऋजुता किंचाळली. "मग ह्या ओळी चाळीसच चित्रांत का? हे तर डोळ्याची पापणी लवण्याआधीच संपलं!"

"उत्तर मिळालं की प्रश्न जातो." मॅडम पडद्याकडेच बघत होत्या. "आणि उत्तराचा हक्क देहाच्या चालकाला. आपणच तर ठरवलं होतं. रुग्णाच्या देहाचा निर्णय रुग्णानेच घ्यावा, म्हणून. पहिल्या वेळी देहाचा चालक सौमित्र होता. या वेळी..."

ऋजुताने एक्केचाळिसावं चित्र उघडलं.

"उत्तर: हो."

खुर्चीतून तो शांतपणे उठला. कॉलर नीट केली.

"झालं का आपलं वाचून? चला, आई जेवायच्या थांबल्या असतील."