जोडलेले: एक

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. नेव्हिल माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि त्या दिवशी मी तिथंच होतो.

वेलिंग्टन. जुलैमधला शुक्रवार. दुपारचे तीन.

भर दिवसा घडलंय हे.

आमची कंपनी ऑफिसातल्या लोकांना आपसात बोलायला चॅटचं ॲप बनवते. नेव्हिल आणि रोवीना यांनी ते अकरा वर्षं समोरासमोर बसून लिहिलं. विंडोजचं वेगळं, मॅकचं वेगळं, एकेक बटण हातानं घडवलेलं. क्लिक करायचा अवकाश, उघडलंच.

गेल्या वर्षी रोवीना वारली.

मग आमच्याच ऑफिसातल्या अनाहेराचं ॲप आलं. एकदाच लिहायचं, सगळ्या मशिनांवर तेच चालवायचं. आत अख्खा ब्राउझर कोंबलेला. मेमरी खायचं बकासुरासारखं! पण नवी सोय सगळ्यांना एकाच दिवशी मिळायची, आणि लोकांना तेच हवं होतं.

नेव्हिलचा नुसता जळफळाट व्हायचा. खरं सांगू? जळफळाटाचं कारण ॲप नव्हतंच. अनाहेराला नोकरीवर घेतलं होतं रोवीनानं. शेवटचे सहा महिने ती दिवसभर गप्पा मारायची, त्याही अनाहेराशीच. नेव्हिलशी कामापुरतं. अकरा वर्षांनंतर ती आपली राहिली होती की त्या पोरीची झाली होती, हा एकच किडा त्याचं डोकं पोखरत होता.

त्या शुक्रवारी जुनं ॲप कायमचं बंद व्हायचं होतं. आमच्याकडे रीत आहे. ॲपच्या निरोपाला चहा ठेवायचा, प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं, आणि ज्यानं ते लिहिलं त्यानंच शेवटचं बटण दाबायचं. अनाहेरानं केक आणला होता. नेव्हिलनं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"राग धरू नकोस रे," ती म्हणाली.

"राग कसला? जिंकलीस ना, मग खा केक."

त्यानं बटण दाबलं. पडद्यावर ॲपला जोडलेल्यांचा आकडा भराभर उतरला. दोनशे... चाळीस... सहा...

एक.

तिथंच थांबला.

त्यानं पुन्हा दाबलं. तरी एक. सर्व्हर कुणालाच आत घेत नव्हता, मग हा कोण? त्यानं नाव उघडलं.

रोवीना.

तिचं खातं बंद करायला त्याचा हात कधी धजावलाच नव्हता. पण तिचं मशीन त्यानंच आतलं सगळं पुसून परत दिलं होतं. समोरच्या टेबलावर आता काहीही नव्हतं. वायरसुद्धा नाही.

आणि त्या रिकाम्या टेबलावरून...

टिक.

जुन्या ॲपवर निरोप आला की वाजतो, तो आवाज. रोवीनानं स्वतः कपावर चमचा वाजवून तो रेकॉर्ड केला होता.

आम्ही सगळे त्या टेबलापासून मागे सरकलो. नेव्हिल मात्र हसत होता. डोळे भरले होते.

"बघितलंस?" तो अनाहेराला म्हणाला. "अजून माझ्याकडेच आहे ती."

काय ती ऐट! भीतीचा लवलेश नाही. त्यानं तिला लिहिलं, रो, तू आहेस ना?

खाली खूण उमटली. वाचलं.

मग तीन ठिपके हलायला लागले. ती काहीतरी लिहीत होती...

एक मिनिट. दोन मिनिटं...

ठिपके थांबले.

आकडा शून्यावर आला.

त्याच क्षणी अनाहेराच्या लॅपटॉपवर, तिच्या त्या नव्या ॲपमध्ये, रोवीनाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. निरोप आला. अनाहेरानं तो वाचला आणि पांढरीफटक पडली.

"काय लिहिलंय?" नेव्हिलनं विचारलं.

"जाऊ दे ना, नेव्हिल."

"माझं नाव आहे का त्यात?"

तिनं खाली मान घालून लॅपटॉप मिटला. काय होतं ते आजतागायत तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

याला आता पाच आठवडे झाले. नेव्हिलनं गुपचूप अनाहेराचं ॲप घेतलंय. रोज सकाळी रोवीनाला लिहितो. खाली खूण उमटते. वाचलं. बस, तेवढंच.

परवा मी त्याला विचारलं, भीती नाही वाटत?

तो अनाहेराच्या टेबलाकडे बघत होता. ती टाइप करत होती... थांबत होती... वाचून हळूच हसत होती.

"भीती कसली?" तो म्हणाला. "तिला एवढं काय सांगते ती, तेच मला कळत नाही."