तीन ठोक्यांचं उत्तर

"बाबासाहेबांच्या माणसाला भूतबित मानायची मुभा न्हाई," शेकोटीत काटकी सारत बाजीराव आबा म्हणाले. "मीबी मानत न्हाई. मी झालं तेवढं सांगतो. ऐकायचं तर ऐका, न्हाईतर घरी जाऊन मोबाईल बघा."

भाजे गावची चार-पाच पोरं हसली आणि आणखी जवळ सरकली. आबांची तीस वर्षं रेल्वेत गँगमन म्हणून गेलेली. रुळावर हातोडा मारायचा आणि आवाजावरून रूळ ओळखायचा. बोलता बोलता ते मध्येच थांबत, तेव्हाही काहीतरी ऐकताहेत असं वाटे.

गोष्ट बेडसे गावच्या प्रज्ञेशची. गेल्या डिसेंबरची एकोणीस तारीख, शुक्रवार, अमावस्या.

त्या दिवशी प्रज्ञेश एका साध्या कामाला निघाला होता. माळ्यावरचं जुनं लाकडी खोकं लोणावळ्यातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात दाखवायचं होतं. त्याचे पणजोबा सफरमैना पलटणीत होते, भुयारं आणि खंदक खणणाऱ्या पलटणीत. पहिल्या महायुद्धातून परतताना त्यांनी ते आणलेलं. आत लाकूड-पितळेच्या दोन जाड चकत्या, पुरीएवढ्या. हलवलं की पाऱ्यासारखं काहीतरी डुचमळे. प्रत्येक चकतीला नळी बसवायची तोटी. हे कशाला वापरायचं, ते पणजोबांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. विचारलं की उठून बाहेर जात.

मग घरात ज्याचा त्याचा अंदाज. आई, रेणुका, म्हणायची, घोड्याच्या डॉक्टरचं असंल. लहानपणी पोरांनी त्याचा टेलिफोन केला. थोरला भाऊ गौरव विहिरी खणायचा. त्याचं म्हणणं, पलटणीला पाणी शोधायला हे लागत असणार. खणायच्या जागी तो चकती ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "लागलं पाणी! मासं बी हायेत." प्रज्ञेश हसून लोळायचा.

तो गौरव चौदा मेला गेला. कुरवंड्यात एका बंगल्याची विहीर खणताना कड ढासळली.

दुकानदाराने चकत्या उलटसुलट केल्या. "काय आहे ते कळल्याशिवाय मी घेत नाही," म्हणाला. म्हणून परतीच्या वाटेवर प्रज्ञेश आबांकडे वळला.

आबांनी नातीच्या वाफेच्या मशीनच्या नळ्या तोट्यांना जोडल्या. दोन्ही चकत्या जमिनीवर ठेवल्या. एक नळी एका कानात, दुसरी दुसऱ्यात.

"सरू, मिरची कूट जरा."

आत त्यांची बायको सरूबाई खलबत्ता घेऊन बसल्या. आबांनी डावी चकती सरकवली, मग उजवी. त्यांचा चेहरा बदलला.

"आरं, ह्ये पाण्याचं न्हाई. दोन कान हायेत ह्ये. ज्या कानात जास्त, तिकडं चकत्या सरकवायच्या. दोन्हीत सारखं आलं की समोर बोट दाखवायचं. शत्रू खालून भुयार खणत आला की तुझा पणजा ह्ये लावून ऐकत बसत आसंल."

प्रज्ञेश बघत राहिला. "म्हंजे मातीखालचा माणूस ऐकायला?"

"व्हय."

"आबा... घरातच व्हतं. माळ्यावर."

सरूबाईंचा बत्ता थांबला.

गौरव गेला त्या दिवशी काय झालं ते साऱ्या मावळाला ठाऊक होतं. कड ढासळली तेव्हा प्रज्ञेश वर खोदायच्या मशीनवर होता. भाऊ खाली गेलेला पाहून त्याने तसंच मशीन घातलं, रस्त्याच्या बाजूने उपसायला लागला. माती वाहणारी विठाबाई ओरडत होती, "मशीन बंद कर रं! ऐकू तर दे!" तो तिच्यावर खेकसला, "गप बस, म्हातारे!" दोन तास मशीन चाललं. आधी बकेटमध्ये गौरवची पहार आली. गौरव सापडला तो दुसऱ्या बाजूला, जांभळाच्या झाडाकडे.

डॉक्टरांनी आईला सांगितलं, दबल्या दबल्या गेला, काही कळलंही नसेल. त्या एका वाक्यावर ती माउली जगत होती. प्रज्ञेशला मात्र रोज रात्री एकच प्रश्न खाई.

विहिरीत उतरणाऱ्यांची एक रीत असते. खालच्याने पहारीने दगडावर तीन ठोके दिले, की वर घ्या. वरच्याने दोन ठोके द्यायचे, की ऐकलं, घेतो. ते दोन आल्याशिवाय खालचा माणूस दोराला हात लावत नाही. थांबून राहतो.

गौरवने ठोके दिले होते का?

"नगं जाऊ," आबा म्हणाले. पण तोवर गाडीला किक बसली होती.

कुरवंड्यात पोचायला रात्रीचे पावणेबारा झाले. बंगल्यात कुणी नव्हतं. विहीर बुजवून वर फरशी घातलेली. प्रज्ञेश कुंपणावरून आत उतरला. थंडी मरणाची. वारा पडलेला. त्याने मोबाईलची बत्ती लावली, चकत्या फरशीवर ठेवल्या, नळ्या कानात घातल्या आणि पालथा पडला.

आधी आपलंच रक्त ऐकू आलं. धप धप.

मग तेही मागे गेलं.

काही नाही.

तो उठणार होता...

टक. टक. टक.

डाव्या कानात जास्त.

त्याने चकत्या डावीकडे सरकवल्या.

टक. टक. टक.

अजून डावीकडे. वाळली पानं हाताला लागली. जांभळाची.

टक. टक. टक.

दोन्ही कानांत सारखं.

"दादा..."

खाली शांत. कुणीतरी थांबलं होतं. वाट बघत.

मग पुन्हा तीन. घाई नाही. राग नाही. रोज द्यायचा तसेच. जेवणाची वेळ झाली, वर घे रं, असे.

प्रज्ञेशने खिसे चाचपले. गाडीचा पाना निघाला. फरशीवर मारायला हात उचलला आणि तसाच राहिला. हे उत्तर दिलं, की दादा जाणार. न दिलं, तर तो ठोके देत राहणार. सात महिने देतोय तसे...

किती वेळ गेला, त्यालाही सांगता येत नाही. पाना गार पडला होता. नाक वाहत होतं.

टक.

टक.

दोन ठोके त्याने दिले.

"ऐकलं, दादा. घेतो."

त्यानंतर खालून काही आलं नाही. उजाडेपर्यंत तो कान लावून पडला होता. काही आलं नाही.

शेकोटी विझत आली होती. एकाही पोराने काटकी घातली नाही.

सकाळी प्रज्ञेश बेडशाला पोचला. आई अजून झोपलेली. दाराआड गौरवची ती पहार मेपासून उभी होती. आई तिला कुणाला हात लावू देत नसे. गंजून लाल झाली होती ती.

प्रज्ञेशने बत्ती धरली. टोकावर गंज नव्हता. टोक नव्यासारखं चकाकत होतं, दगडावर रोज आपटल्यावर होतं तसं. त्यावर ओला मुरूम.

त्याने पहार हातात घेतली. सारं लोखंड बर्फासारखं गार. फक्त मध्ये, जिथे मूठ धरतात तिथे, वीतभर कोमट.